चित्रातला महानायक, पडद्यावरचा चेहरा

कॉमिक्समधील एखाद्या महानायकाच्या भूमिकेसाठी अभिनेत्याचे नाव जाहीर झाले, की चाहते सर्वप्रथम त्याचे छायाचित्र मूळ चित्राशेजारी ठेवून पाहतात. अभिनयाचा विचार नंतर! ही परीक्षा काहीशी अन्यायाचीच म्हणावी लागेल. कारण चित्रातल्या नायकाला ठरावीक असा चेहरा नसतोच. १९३८ पासून कित्येक चित्रकारांनी सुपरमॅन रेखाटला. प्रत्येकाचा चेहरा निराळा. निळा-तांबडा पोशाख आणि छातीवरचे चिन्ह तेवढे बहुतांशी कायम.

साम्याचा मानदंड म्हणून आजही ख्रिस्तोफर रीव्हचेच नाव घेतले जाते. 'सुपरमॅन'साठी (१९७८) निवड झाली तेव्हा हा सहा फूट चार इंच उंचीचा नट सडपातळ होता. पोशाखाखाली कृत्रिम स्नायू बसविण्यास त्याने नकार दिला आणि डेव्हिड प्राऊझ यांच्या मार्गदर्शनाखाली वजने उचलून शरीर कमावले. मात्र खरी किमया अभिनयाची. क्लार्क केंट साकारताना तो खांदे पाडतो, अडखळत बोलतो, भांगही विरुद्ध बाजूला पाडतो. केवळ चष्म्यामुळे माणूस ओळखू येत नाही, ही मुळातली अशक्य गोष्ट त्यामुळेच पडद्यावर पटते.

मायकेल कीटनची बॅटमॅन म्हणून निवड झाली तेव्हा स्टुडिओकडे निषेधाची सुमारे ५० हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. विनोदी भूमिकांची ओळख आणि बेताचा बांधा, हे चाहत्यांना रुचले नाही. टिम बर्टन यांच्या चित्रपटात (१९८९) स्नायू रबरी पोशाखातच घडविलेले होते. त्या पोशाखात मान वळविता येत नसल्याने कीटनला अख्खे धड वळवावे लागे. मान वळेल असा पोशाख 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) ख्रिश्चन बेलला मिळाला.

सर्वांत बोलके उदाहरण व्हूल्व्हरिनचे. १९७४ मध्ये अवतरलेल्या या नायकाचे नाव एका ठेंगण्या, चिवट मांसभक्षक प्राण्यावरून आले असून, कॉमिक्सनुसार त्याची उंची अवघी पाच फूट तीन इंच आहे. ह्यू जॅकमन सहा फुटांहून उंच! शिवाय 'एक्स-मेन'मध्ये (२०००) पिवळ्या पोशाखाऐवजी काळे चामडे. तरीही गुरगुरणे आणि दबलेला संताप त्याने असा पकडला, की उंचीची तक्रार विरून गेली. पिवळा पोशाख त्याच्या अंगावर पूर्णपणे चढला तो थेट 'डेडपूल अँड व्हूल्व्हरिन'मध्ये (२०२४). त्यातच बुटक्या व्हूल्व्हरिनचा विनोदही आहे. चित्रातले स्नायू मात्र फुकट मिळत नाहीत. उघड्या अंगाच्या दृश्यांपूर्वी आपण दीर्घकाळ पाणी पिणे थांबवीत असू, असे जॅकमननेच सांगितले आहे. शाईने काढलेल्या शरीराला तहान नसते.

साम्याचा हा प्रवास उलट दिशेनेही होतो. चित्रकार गॅरी फ्रँक यांच्या सुपरमॅनमध्ये रीव्हची छबी स्पष्ट दिसते. निक फ्युरीचे तर रूपच पालटले. १९६३ पासून गोरा असलेला हा सेनानी 'द अल्टिमेट्स'मध्ये (२००२) ब्रायन हिच यांनी हुबेहूब सॅम्युअल एल. जॅक्सनसारखा काढला. आपल्यावर चित्रपट निघाल्यास कोण शोभेल, या गप्पांत फ्युरी जॅक्सनचेच नाव घेतो, असा प्रसंगही त्यात आहे. सहा वर्षांनी 'आयर्न मॅन'च्या श्रेयनामावलीनंतर डोळ्यावर पट्टी बांधून पडद्यावर आला तो जॅक्सनच.