तिसरा माग आणि कोकणातले खाचर

कारखान्यात माल भरपूर निघतो, पण तो खपत नाही. यंत्रे आहेत, माणसे आहेत, गिऱ्हाईक मात्र नाही. अशा वेळी उद्योगाची फेररचना करावी लागते. तिचा खर्च कोणी सोसायचा, हा खरा प्रश्न असतो. मुंबईच्या कापड गिरण्यांना तो निदान तीनदा पडला आणि प्रत्येक वेळी उत्तराचा काही भाग रत्नागिरी जिल्ह्यात लिहिला गेला.

कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. 1856 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. गिरण्या वाढल्या तसा कोकणातून माणसांचा ओघ लागला. 1911 च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा याच जिल्ह्यात होता; तो 1981 साली वेगळा झाला.) घरची जमीन तुटपुंजी, एकच भातपीक आणि जिल्ह्यात कारखाने नाहीत. पुरुष बोटीने मुंबईला जाई, गाळ्यात दाटीवाटीने राही आणि मनीऑर्डर पाठवी. शेत बायका आणि म्हातारी माणसे सांभाळत.

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांची भरभराट ओसरली. चीनची सुताची बाजारपेठ गेली, जपानी कापड स्वस्तात येऊ लागले आणि अहमदाबाद-सोलापूरच्या गिरण्यांशी स्पर्धा वाढली. 1925 साली मालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. मोठा संप झाला. सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर उठवला, तेव्हा कपात मागे घेण्यात आली. मग काही गिरण्यांनी वेगळा मार्ग धरला. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळायचे आणि कातणाऱ्याने साच्याच्या एकाऐवजी दोन बाजू.

यातले गणित सोपे आहे. समजा, एका गिरणीत 600 माग आहेत. दोन मागांना एक विणकर धरला, तर 300 विणकर लागतील. तीन मागांना एक धरला, तर 200. म्हणजे 100 माणसे घरी.

पण हे गणित वर्गात मांडताना त्यातले विज्ञानही सांगायला हवे. साध्या मागावर धोट्यातली कांडी संपली की विणकर माग थांबवून ती बदलतो. ताण्याचा धागा तुटला की तो जोडतो. एका माणसाला किती माग सांभाळता येतील, हे त्याच्या चपळाईइतकेच धागा किती वेळा तुटतो यावर ठरते. कापूस हलका असेल, सूत कच्चे असेल, खात्यातली हवा कोरडी असेल, तर धागे जास्त तुटतात. कांडी आपोआप बदलणारे माग अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आले होते. जुने माग आणि हलके सूत तसेच ठेवून नुसते माग वाढवले, तर कार्यक्षमता वाढत नाही, फक्त श्रम वाढतात. कामगारांची तक्रार या अर्थाने तांत्रिकही होती.

एप्रिल 1928 मध्ये सुरू झालेला सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला. सरकारने नेमलेल्या फॉसेट समितीने 1929 साली या योजना तत्त्वतः मान्य केल्या. एवढे दिवस मजुरीविना कामगार तगले कसे? अनेकजण सरळ गावी गेले. मुंबईत बेकारभत्ता नव्हता. तो रत्नागिरीच्या भातखाचरांनी दिला. गिरण्यांच्या हिशेबवहीत ही रक्कम कुठेच आढळणार नाही.

दुसरी पाळी स्वातंत्र्यानंतर आली. 1953 साली गिरण्यांत न खपलेल्या कापडाचे साठे पडले आणि कामबंदीचे सावट आले. तेव्हा सरकारने औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. तात्पुरते काम बंद ठेवल्यास निम्मे वेतन आणि कामावरून कमी केल्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन द्यावे, असे ठरले. फेररचनेचा काही भार उद्योगानेही उचलावा, हे तत्त्व कायद्यात आले.

मात्र याच काळात हातमागाच्या संरक्षणासाठी गिरण्यांच्या मागांच्या वाढीवर बंधने होती. ती जागा हातमागाने नव्हे, तर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी घेतली. तेथे मजुरी कमी होती आणि कामगार कायदे क्वचितच पोचत. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा गिरणीबाहेर कापड विणणारे माग तयारच होते. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. पुन्हा लोक कोकणात परतले. या वेळी हजारोंना परत बोलावणे आलेच नाही आणि शेतावर मनीऑर्डरीविना भागणे शक्य नव्हते.

गिरण्यांची जमीन मात्र मोलाची ठरली. 1991 च्या नियमानुसार विक्रीस काढलेल्या जमिनीचे तीन भाग व्हायचे होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. 2001 च्या बदलाने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली हा बदल वैध ठरवला. कामगारांच्या घरांची मोठी सोडत 2012 मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी, निघाली.

रत्नागिरीतल्या शिक्षकांना हा इतिहास शिकवायला दूर जावे लागणार नाही. विद्यार्थ्यांना आपल्या वाडीत चौकशी करायला सांगावे: घरातले कोण गिरणीत होते, कोणत्या खात्यात, किती माग सांभाळत, 1982 नंतर घर कशावर चालले आणि शेत कोणी राखले? उत्तरांचा तक्ता वर्गात लावावा. गिरण्यांच्या हिशेबवहीत नसलेली रक्कम त्यात दिसू लागेल.