मूल गंभीर आजारी असताना: त्याला काय सांगावं, घरच्यांनी काय सांभाळावं

पिंपरी पेंढारहून मोठ्या दवाखान्याला जायचे रस्ते दोन. आळेफाट्यावरून नारायणगाव, मंचर करत पुणे; नाहीतर ओतूर, माळशेज घाट, कल्याण करत मुंबई. साध्या तापाला हे रस्ते लागत नाहीत. लागतात तेव्हा सगळं घर हादरलेलं असतं. दादी मुसल्यावर, अब्बा पैशांच्या मागे, अम्मी रिपोर्टची पिशवी धरून. त्या गडबडीत काहीच सांगितलं जात नाही ते मुलाला. "मामूकडे चाललोय" म्हणून गाडीत बसवलेलं मूल दवाखान्याच्या दारात उतरतं आणि पुढे आपला शब्द खरा मानत नाही.

मुलांमधल्या कॅन्सरमध्ये रक्ताचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात उपचार दोन ते तीन वर्षं चालतात, आणि वेळेवर सुरू होऊन पूर्ण झाले तर बरीच मुलं बरी होतात. इतके दिवस खोटं निभत नाही. म्हणून आमचं म्हणणं, पहिल्याच दिवशी सोप्या शब्दांत सांगावं, घरात उर्दू असेल तर उर्दूत: "तुझ्या रक्तात बिघाड झालाय. औषध तो दुरुस्त करील. केस गळतील, पुन्हा येतील."

चार ते आठ वर्षांची मुलं आजाराचं कारण बहुतेक वेळा स्वतःत शोधतात. धाकट्याला मारलं, मदरशातला सबक पाठ केला नाही, म्हणून अल्लाहने सजा दिली असं त्यांना वाटतं. यात आपलाही हात असतोच. "मस्ती केलीस तर डॉक्टर सुई टोचेल" हे कुणी शिकवलं? तेव्हा मुलाने विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा की हे तुझ्या चुकीने झालेलं नाही. तेही पुन्हा पुन्हा सांगा.

सुईच्या वेळी "दुखणार नाही" म्हणू नका. "थोडं दुखेल, दहापर्यंत मोज, मी हात धरतो" म्हणा. चौघांनी दाबून धरण्यापेक्षा मांडीवर घट्ट मिठीत बसवलेलं मूल कमी घाबरतं. जागा बधिर करणारं मलम मिळतं. ते बराच वेळ आधी लावावं लागतं, म्हणून नर्सला आधीच विचारा.

"मी मरणार का?" असं मूल विचारतं तेव्हा "तौबा, असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. "तुला असं का वाटलं?" विचारा. पुष्कळदा मोठ्यांचं फोनवरचं बोलणं त्याच्या कानावर गेलेलं असतं. हमी देऊ नये, पण "आम्ही सगळे इलाज करतोय, तुला एकटं सोडणार नाही" एवढं नक्की देता येतं.

आता इयादतीबद्दल, थोडं कटू. आजाऱ्याला भेटणं सुन्नत आहे, पण केमोथेरपीत मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा खोकलाही महागात पडतो. मोहल्ल्याने घरात गर्दी करण्यापेक्षा फोनवर दुआ द्यावी, भावंडांचा डबा पोहोचवावा. दम केलेलं पाणी द्यायचं तर उकळून थंड केलेल्या पाण्यावरच दम करावा. कलौंजी, जडीबुटी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि ताप १००.४ वर गेला तर घरची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री असला तरी दवाखान्याला फोन करा आणि निघा.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला भेटा, हेल्पलाइन १५५३८८. धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असणाऱ्यांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असणाऱ्यांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो जुन्नरहून आधीच काढून ठेवा. हृदयाचा जन्मजात दोष असेल तर शाळा-अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत शस्त्रक्रियेची सोय होते. मुंबईत कॅन्सरच्या उपचाराला आलेल्या बाहेरगावच्या मुलांना आई-वडिलांसह मोफत राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं २००६ पासून आहेत. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारावं. गरजू घराला जकातही देता येते, त्यात मागणाऱ्याने लाजण्यासारखं काही नाही.

नानीकडे ठेवलेल्या भावंडांना रोज ठरल्या वेळी फोन करा. "आपल्याला कुणी विचारत नाही" हे त्यांच्या मनात लवकर बसतं, आणि त्याचीच त्यांना शरमही वाटते.

शाळेतून नाव काढू नका. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचं पत्र द्या, आठवड्याचा अभ्यास फोनवर मागवा. दोन गणितं झाली तरी पुरे, आपण अजून चौथीतच आहोत एवढं मुलाला कळायला हवं. ते परत येण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांनी वर्गाला सांगावं की हा आजार शिवल्याने होत नाही, डोक्यावरची टोपी ओढायची नाही, आणि ज्याला सर्दी झालीय त्याने दोन बाक सोडून बसायचं.