कान टोचल्यानंतरचे दिवस

‘सोनारानेच कान टोचावे लागतात’ ही म्हण आपण कोणाला खडे बोल सुनावायचे असले की वापरतो. गेल्या पावसाळ्यात मी सोनाराकडे न जाता अमरावतीतल्या एका दुकानात कानाची वरची कड गनने टोचून घेतली. पाचव्या दिवशी कान लाल, गरम, टम्म. अकोल्याला घरी पोचले तेव्हा आजी म्हणाली, “टोचलं कोनं ते राहू दे. मंग काय केलं ते सांग.”

हा प्रश्न फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्यापासूनच सुरू होतो. सहाव्या किंवा सातव्या महिन्यातलं बाळ दाईच्या मांडीवर खेळण्यात गुंतवायचं. कान उन्हात धरून पाळीतली उजेड आरपार जाणारी जागा शोधायची. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. रक्त फार आलं किंवा फार दुखलं, तर जागा चुकली.

टोचणं इथे संपतं, काळजी सुरू होते. छिद्रात कापसाची वात, वर तेल. दर तीन दिवसांनी वात थोडी जाड. बोथट सुईने किंवा फार जाड वातीने सूज आली, तर वात काढायची. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव, तीळ यांचा मध-तुपातला लेप लावायचा. जखम पूर्ण भरली की मगच पुन्हा टोचायचं.

आमच्या कापसाच्या मुलखात आजीने मात्र माझ्या लहानपणी पाळीत कडुलिंबाची काडी घातली होती, वर हळद आणि खोबरेल.

वरची कड टोचणंही नवं नाही. बायकांची बुगडी आणि पुरुषांची भिकबाळी तिथलीच. आज आपण त्या जागेला हेलिक्स म्हणतो. पण पाळी मांसल असते, सहा ते आठ आठवड्यांत भरते. वर कूर्चा असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तिथे जंतू शिरले आणि कूर्चा सडली, तर कानाचा आकार कायमचा बिघडतो. गन तर कूर्चेला चेचतच आत जाते.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि आजीचंही थोडं चुकवलं. हळद-तेल नको. बाळी फिरवायची नाही, त्याने आतली नवी कातडी फाटते. हात धुवून दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइन लावायचं, टिपून कोरडं करायचं, त्या कुशीवर झोपायचं नाही. पू, ताप किंवा पसरती लाली दिसली की डॉक्टर गाठायचा. दागिना आपण होऊन काढायचा नाही. छिद्र मिटून पू आत अडकू शकतो.

माझा दागिना डॉक्टरांनीच काढला. छिद्र बुजलं, कड जराशी जाड राहिली. पुन्हा टोचायचं का, ते ठरलेलं नाही. आजीने मात्र वर्षभर थांब म्हणून बजावलंय.