नवतप्यातला बर्फ

मेच्या शेवटच्या आठवड्यात मोहाडीच्या रस्त्यावर दुपारी चिटपाखरू दिसत नाही. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, नवतपा लागतो आणि भंडारा जिल्ह्यातला शेतकरी बांधीतली कामं ऊन वर यायच्या आत उरकतो. धानाच्या पऱ्ह्यांची जागा नांगरून ठेवायची आणि मृगाची वाट पाहायची, हा इथला जुना क्रम.

हिमालयातल्या चढायांच्या तारखा याच नक्षत्रांवर मांडून पाहाव्यात. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले २९ मे १९५३ रोजी, ऐन नवतप्यात. १९६५ च्या भारतीय मोहिमेची शेवटची तुकडी माथ्यावर गेली तीही २९ मेलाच. अन्नपूर्णेवर पहिली पावलं पडली ३ जून १९५० रोजी, रोहिणी सरत आलेली असताना. आणि एव्हरेस्टवरचा पहिला मोठा अपघात घडला ७ जून १९२२ रोजी, मृग लागता लागता. मोहाडीत अंगाची लाही होते त्याच दिवसांत जगातला सर्वांत उंच बर्फ माणसाला पाऊल ठेवू देतो, आणि मृगाबरोबर तो दरवाजा लावून घेतो.

यात योगायोग नाही. हिवाळाभर हिमालयाच्या माथ्यांवरून पश्चिमेचा अतिवेगवान वारा वाहत असतो. आठ हजार मीटरच्या धारेवर त्या वाऱ्यात उभं राहणं अशक्य असतं. उन्हाळा चढत जातो तसा हा वारा उत्तरेला, तिबेटच्या पलीकडे सरकतो. तो सरकला की शिखरावर काही दिवस शांतता मिळते. पण त्याच्या सरकण्याशीच मोसमी पावसाचं आगमनही जोडलेलं आहे. म्हणजे एव्हरेस्टचा माथा मोकळा करणारी आणि जूनच्या मध्याला वैनगंगेच्या खोऱ्यात पाऊस आणणारी घडामोड मुळात एकच. वारा पडला आहे आणि पाऊस अजून आलेला नाही, एवढ्या अरुंद फटीत गिर्यारोहकाला आपलं काम उरकावं लागतं.

ही फट ओळखायला माणसं मरावी लागली.

१९२२ साली ब्रिटिशांची मोहीम तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर गेली होती. दोन प्रयत्न होऊन गेले होते, जून उजाडला होता आणि ताजा बर्फ भरपूर पडला होता. तरीही तिसरा प्रयत्न करायचं ठरलं. ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड हे तिघे चौदा हमालांना घेऊन नॉर्थ कोल या खिंडीच्या उतारावर चढू लागले. दिवस शांत आणि उन्हाचा होता, आणि धोका नेमका तिथेच होता. जुन्या घट्ट थरावर नवा बर्फ बसलेला, तो अजून खालच्या थराला धरलेला नव्हता. उताराचा एक पट्टाच सुटला. सात हमाल मेले. ब्रिटिश तिघेही वाचले. मॅलरीला या मृत्यूंची टोचणी लागून राहिली, पण दोन वर्षांनी तो पुन्हा त्याच डोंगरावर गेला आणि ८ जून १९२४ रोजी सहकारी आयर्विनसह कायमचा हरवला. तारीख पुन्हा मृगाचीच.

पुढच्या मोहिमांनी बर्फाइतकंच आकाशाकडेही लक्ष द्यायला सुरुवात केली, आणि इथे हा इतिहास भारतीय हवामान खात्याशी येऊन मिळतो. १९३३ च्या मोहिमेकडे बिनतारी यंत्रणा होती. कलकत्त्याच्या अलीपूर वेधशाळेचे अंदाज थेट हिमनदीवरच्या तळापर्यंत पोचत होते. बंगालच्या उपसागरात काही शिजत असेल तर ते तळाला आधी कळावं, हा हेतू. खात्याचं मुख्यालय तेव्हा पुण्यात होतं. १९२८ साली ते सिमल्याहून शिवाजीनगरला आलं आणि १९४४ पर्यंत तिथे राहिलं. पुणेकर तिथल्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात. १९३६ साली मात्र अंदाज असूनही उपयोग झाला नाही. पाऊस फार लवकर आला, नॉर्थ कोलचा उतार ताज्या बर्फाने लदला, आणि त्याच उतारावर मोहिमेतले शिप्टन आणि विन-हॅरिस हिमलोटात सापडता सापडता वाचले. मोहीम तिथूनच मागे फिरली. मागे फिरण्याचा तो निर्णय १९२२ च्या सात माणसांच्या मरणातून शिकलेला होता, असं म्हणायला हरकत नाही.

हिमालयातल्या मे महिन्याच्या बर्फाकडे हवामान खात्याचं लक्ष गेलं ते मात्र गिर्यारोहकांमुळे नव्हे, शेतकऱ्यांमुळे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खन आणि दक्षिण भारत उद्ध्वस्त केला होता. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ साली एक संबंध मांडला : हिमालयात बर्फ जास्त पडला आणि उशिरापर्यंत टिकला, तर त्या वर्षी मैदानातला पाऊस कमी पडतो. कारण सरळ होतं. बर्फ ऊन परतवून लावतो, जमीन तापत नाही, आणि जमीन तापली नाही तर समुद्रावरून वारं ओढलं जात नाही. या आधारावर त्यांनी आधी प्रायोगिक अंदाज दिले आणि १८८६ च्या जूनमध्ये पहिला अधिकृत दीर्घ पल्ल्याचा अंदाज निघाला. पुढे खात्यातल्याच गिल्बर्ट वॉकर यांच्या गणितातही मेअखेरच्या हिमालयातल्या बर्फाला जागा होती. हा संबंध दर वर्षी खरा ठरत नाही, काही दशकांत तो पार विरळ झाला, हे नंतर दिसून आलं. तरी धानाच्या बांधीचं नशीब डोंगरावरच्या उन्हाळी बर्फात शोधण्याची ती कल्पना धाडसी होती आणि तिचा पाया पक्का होता.

आता प्रत्यक्ष बर्फाबद्दल. मे महिन्यातला बर्फ दिवसात अनेक रूपं घेतो. पहाटे तो गोठून कडक असतो, बुटांना बांधलेल्या क्रॅम्पॉनचे दात त्यात कचकन रुततात आणि चालणाऱ्याचा वेग वाढतो. ऊन चढलं की वरचा थर मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, आणि हिमभेगांवर बर्फाचे जे पूल झालेले असतात ते भरवसा ठेवण्याजोगे राहत नाहीत. दुपारी ढग येतात, थोडा ताजा बर्फ पडतो, रात्री पुन्हा गोठतो. एव्हरेस्टच्या नेपाळकडच्या वाटेवर सहा हजार मीटरच्या वर वेस्टर्न कूम नावाची दरी आहे. तिन्ही बाजूंच्या पांढऱ्या भिंतींवरून ऊन परतून येतं, वारा नसतो, आणि तिथे चालणारे जाड कपडे उतरवून घामाने निथळत असतात. त्याच्या खालचा खुंबूचा हिमप्रपात तर रोज पुढे सरकत असतो. म्हणून तो मध्यरात्रीनंतर, सगळं गोठलेलं असताना ओलांडतात. मोहाडीचा शेतकरी उन्हाआधी काम उरकतो आणि शेर्पा उन्हाआधी हिमप्रपात ओलांडतो. दोघांचंही वेळापत्रक सूर्यच आखतो.

हिलरी आणि तेनसिंग यांच्या चढाईतही खरी कसोटी बर्फाचीच होती. २९ मेच्या पहाटे तंबूबाहेर उणे २७ अंश सेल्सिअस होतं. साडेसहाला ते निघाले. दक्षिण शिखराखालच्या तीव्र उतारावर वरचं कवच पातळ आणि आत बर्फ भुसभुशीत, पाऊल टाकलं की कवच फुटावं. हिलरीला तो उतार अजिबात पसंत नव्हता. तेनसिंगशी बोलून, धोका आहे हे मान्य करून ते पुढे गेले. दक्षिण शिखर ओलांडल्यावर शेवटच्या धारेवरचा बर्फ मात्र घट्ट आणि कोरडा निघाला, कुऱ्हाडीने पायऱ्या खोदता येण्याजोगा. उजवीकडे हजारो फूट खोलीवर लोंबणारे बर्फाचे छज्जे, डावीकडे कातळ, आणि मधून वाट. साडेअकराला दोघं माथ्यावर पोचले. शेवटच्या धारेवर भुसभुशीत बर्फ असता तर इतिहासातली नावं कदाचित वेगळी असती.

भारतीयांच्या पहिल्या दोन प्रयत्नांना तेवढी साथ मिळाली नाही. १९६० मध्ये ब्रिगेडियर ग्यान सिंग यांच्या मोहिमेची तुकडी २५ मे रोजी माथ्यापासून सुमारे सातशे फुटांवरून वाऱ्यामुळे परतली. १९६२ मध्ये मेजर जॉन डायस यांच्या मोहिमेचं अंतर त्याहून कमी राहिलं, सुमारे चारशे फूट. १९६५ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या मोहिमेने एप्रिलअखेरचा पहिला प्रयत्न हवामान पाहून सोडून दिला, सगळे खाली उतरले आणि थांबले. मग २०, २२, २४ आणि २९ मे अशा चार फेऱ्यांत नऊ जण माथ्यावर गेले. खाली येऊन थांबण्यातच त्या मोहिमेचं शहाणपण होतं.

मराठी गिर्यारोहकांची शाळा सह्याद्रीत झाली. मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेची स्थापना १९५४ ची. सह्याद्रीच्या कातळावर हात-पाय तयार होतात, दोरीची शिस्त लागते, पण बर्फ तिथे नाही. तो शिकायला मराठी मुलं दार्जिलिंग, उत्तरकाशी आणि मनालीला जाऊ लागली, तीही बहुधा मे-जूनमध्ये, कारण परीक्षा संपून सुट्टी तेव्हाच लागते. मे १९९८ मध्ये हृषीकेश यादव यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेतून सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले. माथ्यावर जाणारे ते पहिले महाराष्ट्रीय. ते गेले तिबेटच्या बाजूने, म्हणजे १९२२ च्या त्या नॉर्थ कोलवरूनच.

एव्हरेस्टवर २०१२ साल बर्फाच्या दृष्टीने निराळंच होतं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला. परिणामी नेपाळकडच्या वाटेवरच्या ल्होत्सेच्या भिंतीवर निळा, काचेसारखा टणक बर्फ उघडा पडला, आणि एरवी बर्फात जखडलेले दगड सुटून खाली येऊ लागले. दगड लागून शेर्पा जखमी झाले. नेहमीची वाट सोडून उजवीकडून नवी वाट बांधावी लागली. एका मोठ्या परदेशी संस्थेने तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच आपली मोहीम गुंडाळली. बर्फ कमी म्हणजे चढाई सोपी, असा मैदानातल्या माणसाचा समज असतो. तो चुकीचा आहे. डोंगराला एकसंध धरून ठेवतो तो बर्फच. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेची मोहीम उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्याच वर्षी तिथे होती. वारा पडलेले दिवस मोजकेच मिळाले, सगळ्या मोहिमा एकाच वेळी वर निघाल्या, गर्दीत दोरावर तासन्‌तास खोळंबा झाला आणि त्या वेळी अनेकांनी प्राण गमावले. गिरिप्रेमीचे आठ जण १९ मे रोजी माथ्यावर पोचले आणि खाली आले. पुढे याच संस्थेच्या दहा जणांनी १५ मे २०१९ रोजी ८,५८६ मीटर उंचीचं कांचनगंगा गाठलं.

तारखा पाहिल्या तर त्या रोहिणीतून कृत्तिकेत, म्हणजे मेच्या मध्याकडे सरकल्या आहेत. नेमके अंदाज आता उपग्रहांमुळे मिळतात, दोर आधीच बांधलेले असतात, म्हणून वारा पडल्याचा पहिलाच दिवस साधता येतो. आणि मेअखेरीस खुंबूचा हिमप्रपात इतका ढिला होतो की तिथली वाट राखणारे शेर्पा शिड्या काढून घेतात.

विदर्भाचं नाव या इतिहासात मोठं झालं ते मे २०१८ मध्ये. त्याआधी चार वर्षं, २५ मे २०१४ रोजी, आताच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा ही तेरा वर्षांची आदिवासी मुलगी एव्हरेस्टवर पोचली होती. तिच्या पावलावर पाऊल टाकून महाराष्ट्राच्या आदिवासी विकास विभागाने आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाने ‘मिशन शौर्य’ हाती घेतलं. आश्रमशाळांतल्या मुलामुलींची निवड झाली, आधी कातळावर आणि मग हिमालयातल्या बर्फावर त्यांना तयार केलं गेलं. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण १६ आणि १७ मे रोजी माथ्यावर पोचले. चंद्रपूरचा उन्हाळा देशातल्या सर्वांत कडक उन्हाळ्यांत मोडतो. त्या उन्हात वाढलेल्या मुलांनी काही महिन्यांत बर्फ वाचायला शिकावं, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आहे. आणि त्यांना शिकायला पुरेसा वेळ दिला गेला, हे तितकंच महत्त्वाचं.

अलीकडे भंडारा-गोंदियातली कॉलेजची मुलंही उन्हाळ्याच्या सुट्टीत गढवाल, कुलूकडे ट्रेकला जातात आणि तिथून एखाद्या पाच-सहा हजार मीटरच्या शिखराचा मोह होतो. मोह चांगला आहे. पण त्याआधी उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतला जवळपास महिन्याभराचा बेसिक कोर्स करावा. घसरताना आइस ॲक्सने स्वतःला कसं रोखायचं, पहाटे किती वाजता निघायचं आणि ऊन चढल्यावर कुठल्या उतारावर पाऊलही टाकायचं नाही, हे तिथे प्रत्यक्ष बर्फावर शिकवलं जातं. मे-जूनच्या तुकड्या फार आधी भरतात, म्हणून अर्ज आदल्या वर्षीच करून ठेवावा.