'फ्रेंडझोन'ची कुळकथा
३ नोव्हेंबर १९९४, गुरुवार. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवर त्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली. खरीखुरी नव्हे, मालिकांमधली. 'मॅड अबाउट यू' या मालिकेच्या नायिकेने केबलच्या तारेशी खटपट केली आणि शहर अंधारात बुडालं, असा घाट वाहिनीने घातला होता. तो अंधार पुढच्या मालिकेतही पसरला. ती मालिका होती 'फ्रेंड्स', तिचा हा सातवा भाग. मालिका सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता.

मेणबत्त्या लागल्यात. मालिकेतला रॉस शाळेत असल्यापासून रेचेलवर जीव लावून बसलाय, आणि ती नुकतीच स्वतःचं लग्न टाकून पळून आलीय. सगळ्यांना कळतंय, फक्त तिला कळत नाही. त्यांचा मित्र जोई त्याला बाजूला घेतो आणि सांगतो, हे आता जमायचं नाही. तू फार वेळ लावलास, तू फ्रेंडझोनमध्ये गेलास. रॉस मानत नाही. त्यावर जोई म्हणतो, गेलास काय, तू तिथला महापौर आहेस.

हाच तो क्षण. शब्द त्याआधी कुणाच्या तोंडी असेलही, पण जगभर पोचला तो इथून. हा भाग लिहिला होता जेफ्री अ‍ॅस्ट्रॉफ आणि माइक सिकोविट्झ यांनी, आणि तो शब्द म्हटला जोई साकारणाऱ्या मॅट लब्लांकने. पुढचं दृश्य ज्यांनी पाहिलंय ते विसरत नाहीत. रॉस बाल्कनीत रेचेलपाशी जातो, धीर गोळा करतो, आता बोलणार इतक्यात एक मांजर त्याच्या खांद्यावर झेपावतं. खिडकीच्या आत बाकीचे गाण्यात दंग, बाहेर हा मांजराशी झुंजतोय आणि कुणाचं लक्ष नाही. मग त्या मांजराचा मालक सापडतो. तो देखणा इटालियन तरुण असतो, आणि रेचेलचं मन त्याच्यावर जातं. न बोललेल्या प्रेमाचं दुःख इतक्या कमी वेळात, हसवता हसवता पोचवणारं दृश्य मला दुसरं माहीत नाही.

शब्द मात्र त्या घरात राहिला नाही. नामाचं क्रियापद झालं. २०११ साली एमटीव्हीने याच नावाचा कार्यक्रम काढला. आपल्याकडे कॉलेजच्या कट्ट्यावर 'तिने मला फ्रेंडझोन केलं' हे वाक्य मराठी होऊन गेलं. 'झोन' आपल्याला परका नव्हताच. शहराच्या विकास आराखड्यात तो कधीपासूनचा आहे. जमीन ग्रीन झोनमध्ये गेली की बांधकामावर बंधनं येतात, मालक हळहळतो आणि झोन बदलण्याची वाट पाहत बसतो. मैत्रीकडेही तसंच पाहिलं जाऊ लागलं. मुलीने दिलेली मैत्री म्हणजे अडकून पडलेली जमीन, आणि अडकवणारी ती. 'केलं' या क्रियापदात हा आरोप आहे. तिने काही केलेलं नसतं, ती फक्त नाही म्हणालेली असते.

मराठीत हा आरोप नवा नाही. वर्तमानपत्रात 'एकतर्फी प्रेमातून' हे दोन शब्द दिसले की पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं. १९९० साली उल्हासनगरला एका मुलीला दहावीच्या परीक्षा केंद्रात जाळून मारलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. तीस वर्षांच्या अंतराने शीर्षक तेच. मुलींनी स्वतःपुरती एक वाट काढली होती, राखीची. मुलगा फार मागे लागला की राखी बांधायची, तो मानलेला भाऊ. नकार पचवायला आपल्याला नातं लागायचं, नुसती मैत्री पुरायची नाही.

ती पुरते हे आपल्याच रंगभूमीने सांगितलं होतं, तेही जोईच्या तेरा वर्षं आधी. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये आलं. विनय आपटे यांचं दिग्दर्शन, मित्रा झाल्या होत्या रोहिणी हट्टंगडी. त्यातला बापू मित्रावर प्रेम करतो. तिचं मन पुरुषाकडे वळतच नाही, तिचं प्रेम एका मुलीवर आहे. हे कळल्यावरही बापू तिला सोडत नाही. तिच्यासाठी धावतो, बोलणी खातो. नाटकाचा शेवट दारुण आहे, पण तो आपल्याला ऐकायला मिळतो तो बापूकडून, मित्राच्या मित्राकडून.

आता पुन्हा जोईकडे यायला हवं. लोक शब्द लक्षात ठेवतात, पण तो म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं ते विसरतात. आठव्या पर्वात जोई स्वतः रेचेलच्या प्रेमात पडला. ती रॉसच्या बाळाची आई होणार होती आणि जोईच्याच घरी राहत होती. २८ फेब्रुवारी २००२ च्या भागात तो तिला हॉटेलात जेवायला नेतो आणि सांगून टाकतो. तिच्या डोळ्यांत पाणी येतं. तिचं त्याच्यावर प्रेम आहे, पण तसं नाही. आणि नाकारला गेलेला जोईच तिला धीर देत बसतो.

खरं काम पुढच्या भागात आहे, ७ मार्चच्या. दोघं एका खोलीत आले की अवघडतात. जुन्या गप्पा जमत नाहीत. रेचेलला तिचा मित्र हवा असतो, म्हणून ती एक खोटी अडचण रचते. माझ्या साहेबाला माझं बाळ विकत घ्यायचंय, आता काय करू? मित्राने धावून यावं असं काहीतरी हवं, एवढाच त्यामागचा हेतू. आणि तो धावतो, थेट तिच्या साहेबाला जाब विचारायला जातो. खोटं उघडं पडतं, पण तोवर दोघं पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागलेले असतात. नकारानंतरची मैत्री आपोआप टिकत नाही, कुणीतरी एकाने पहिलं निमित्त शोधावं लागतं, हे मी या भागावरून शिकलो.

पुढे रेचेलचं मनही जोईकडे वळलं. दहाव्या पर्वाच्या सुरुवातीला दोघांनी जुळवून पाहिलं, जमेना, आणि दोघं पुन्हा मित्र झाले. ६ मे २००४ रोजी मालिका संपली, तेव्हाही दोघं मित्रच होते. त्या झोनमध्ये जोई दोन वर्षं राहिला, आणि त्याने एकदाही त्याला शिक्षा म्हटलं नाही.

म्हणून हा शब्द वापरणाऱ्यांना एक विनंती. तो १९९४ च्या त्या अंधाऱ्या रात्रीचा आहे हे खरं, पण 'तिने मला फ्रेंडझोन केलं' असं म्हणायच्या आधी २००२ चे ते दोन भाग पाहा, लागोपाठ पाहा, आणि मग तिला फोन करा. कशी आहेस, एवढंच विचारा.