जुन्या लष्करी ट्रकाचा जीर्णोद्धार

देवालयाचा जीर्णोद्धार हाती घेताना मूळचे कोणते आणि मागाहून जोडलेले कोणते, हा प्रश्न प्रथम उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी ट्रकाविषयीही तोच विचारावा लागतो, हे ऐकून वाचकांस कदाचित हसू येईल.

अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात अडीच टनी जीएमसी ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने निर्माण झाले. प्रारंभी चालकाची खोली बंदिस्त पोलादी असे; पुढे तिच्यावर कापडी छत आले, आणि पोलाद वाचविण्यासाठी मालाचा हौदाही लाकडी झाला. आज असा हौदा पाहिला की ती कोणा शेतकऱ्याची डागडुजी समजून फळ्या उपटून टाकण्याचा मोह होतो. वस्तुतः युद्धातील टंचाईच त्या फळ्यांत नोंदलेली असते.

ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रान्समध्ये ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या व्यवस्थेत अशाच ट्रकांनी आघाडीवर इंधन व दारूगोळा पोहोचविला. त्यांचे सुमारे तीन चतुर्थांश चालक कृष्णवर्णीय होते. त्यांच्याच सैन्यात त्यांना वेगळ्या तुकड्यांत ठेवीत! युद्धानंतर यांतील कित्येक गाड्या फ्रेंच सैन्याने दुरुस्त करून वापरल्या. म्हणजे १९४४ चे रूप परत आणावयाचे, तर पुढचे आयुष्य पुसावे लागते.

आमच्या मते सांगाडा गंजाने खचला नसेल तर यंत्र अवश्य चालते करावे. रंगाचे थर मात्र खरवडू नयेत. सांगाडाच गेला असेल, तर गाडी आहे तशी छपराखाली ठेवावी. चालकासमोरील धातूच्या पट्टीवर ती सैन्यास दिल्याची तारीख असे. ती पट्टी शाबूत असल्यास हत्यार उचलण्यापूर्वी वाचावी.