पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा : हिंगोलीतला एक निवांत दिवस

हिंगोलीला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवलं होतं की आज वही पिशवीतून काढायचीच नाही. आधीच्या दोन खेपांना मी नुसता धावत होतो. हे कार्यालय, ते कार्यालय, याची भेट, त्याची भेट. गाईडनी टिपणं चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "गाव बघितलं का?" मी गप्प बसलो. मग त्या म्हणाल्या, "एक दिवस नुसतं फिर, खा, बस. काही शोधू नकोस."

त्या दिवसाने माझ्या प्रकरणातला एक परिच्छेद खोडायला लावला. संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना त्यातून काही मिळेल असं वाटतं, म्हणून लिहितो आहे.

सकाळ : नावं वाचत फिरणं

सुरुवात सुशीलापासून. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगतो, भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी आणि वरून डाळ्याचं कूट. पोह्यांपेक्षा हलकं आणि फिरायला सोयीचं. वर एक कट चहा मारला आणि निघालो.

हिंगोलीच्या जुन्या भागातल्या मोहल्ल्यांची नावंच ऐका : पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रस्ते अगदी शांत होते. ओट्यावर डाळ वाळत घातलेली, शेळ्या सावलीला बसलेल्या, एका घरातून रेडिओचा आवाज. लढाईची कसलीही खूण नाही, पण पत्ता सांगायचा तर फौजेची भाषा बोलावी लागते.

या नावांत भाषांचीही पलटन आहे. 'रिसाला' म्हणजे घोडदळ, शब्द अरबी, फारसीतून आलेला. 'तोफ' तुर्की, 'खाना' फारसी. 'पलटन' इंग्रजी-फ्रेंच 'प्लॅटून'च्या घराण्यातला. आणि 'पेन्शनपुरा' म्हणजे तर कमालच! इंग्रजी पेन्शनला आपला 'पुरा' जोडून वस्ती तयार. कुण्या विद्वानाने ही नावं बसून ठरवलेली नाहीत. बोलता बोलता रुळली आणि राहिली.

थोडक्यात पार्श्वभूमी. हिंगोली ही निजामाच्या राज्यातली, वऱ्हाडाच्या सीमेजवळची छावणी. इथे जी फौज असायची तिला पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' म्हणू लागले. नावाला निजामाची, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूमही इंग्रजांचा. खर्च मात्र निजामाचा. तो थकत गेला आणि १८५३ च्या तहाने त्या खर्चापोटी वऱ्हाडाचा कारभार कंपनीकडे गेला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना मिळालं. लगेच १९०३ मध्ये कंटिन्जंट ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. या फौजेच्या पायदळातून पुढे 'हैदराबाद रेजिमेंट' झाली आणि १९४५ मध्ये तिचंच नाव 'कुमाऊँ रेजिमेंट' झालं. म्हणजे कुमाऊँच्या वंशावळीची एक मुळी आपल्या कयाधूकाठच्या मातीत आहे.

फौज गेली, नावं राहिली. १९४८ ला निजामी गेली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. एवढे राज्यकर्ते बदलले तरी रिक्षावाला अजून "रिसाल्यात का?" असंच विचारतो.

दुपार : एक पुस्तक आणि एक ओढा

माझ्या प्रकरणाच्या केंद्रस्थानी एक प्रस्तावना होती. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी. त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरी काल्पनिक, पण तिच्या प्रस्तावनेत हिंगोलीचा प्रसंग तो स्वतःचा अनुभव म्हणून सांगतो.

प्रसंग असा. हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी छावणीत राहायचा. टेलरचाही त्याच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार होता. जवळच्या गावाचा एक व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येतोय असं या हरिसिंगाला कळलं. त्याने मुलकी कारभार बघणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून कापड आणण्याचा परवाना घेतला. मग त्या व्यापाऱ्याला आणि त्याच्या माणसांना वाटेत मारलं आणि तेच कापड परवान्यासकट आणून छावणीत उघडपणे विकलं. पकडल्यावर त्याने स्वतःच हे सांगितलं, तेही मोठी गंमत केल्यासारखं. टेलर पुढे लिहितो की छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत खून झाले आणि प्रेतं पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. जागा कुठली? नदीला मिळणाऱ्या एका लहानशा कोरड्या ओढ्याचं पात्र, शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. माफीचे साक्षीदार जागा दाखवत गेले आणि त्याच्यासमोर खड्डे उकरले गेले.

वाचताना अंगावर काटा येतो. आणि संशोधकाला मोह होतो, तसा तो मलाही झाला. उपग्रहाच्या नकाशावर मी एक नाला निवडला, खूण केली आणि प्रकरणात आजच्या वस्तीचं नाव घालून लिहून टाकलं की 'ती जागा हीच'.

दुपारी त्याच भागात एका साध्या खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याचा ठेचा. मग रमत-गमत नाल्याकडे गेलो. तिथे कळलं की नदीला मिळणारा, रस्त्यालगतचा, उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा एकच नाही. गावाच्या कडेने चाला, टेलरच्या वर्णनात बसतील अशा जागा पुन्हापुन्हा भेटतात. 'पाचशे यार्ड' मोजायचे तरी कुठून? पहाऱ्याची रांग आज नाही, मुख्य गार्डही नाही. माझी ती खूण म्हणजे पुरावा नव्हताच. स्क्रीनवर बोट सहज टेकलं, एवढाच तिचा आधार.

एका चाचांचा प्रश्न

जवळच्या टपरीवर चहा-खारी घेत बसलो होतो. बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते. बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "काय शोधायलास बेटा?"

मी सांगितलं, जुन्या छावणीचा अभ्यास करतोय. ते खुलले. आजोबा पलटनीत होते असं घरात सांगतात म्हणाले, कुठल्या गल्लीत काय होतं ते हाताने दाखवलं. मग सहज विचारलं, "मग आमच्या मोहल्ल्याचं काय लिहिणार?"

माझ्या तोंडात खारी तशीच राहिली. कारण मी लिहिलं होतं ते असं, की तुमच्या घरामागे ठगांनी मुडदे पुरले होते. उद्या हे कुणी उचललं, मोबाईलवर फिरवलं, तर त्या मोहल्ल्यावर 'ठगांची वस्ती' हा शिक्का बसायला किती वेळ? आणि आधार काय? एका कादंबरीची प्रस्तावना आणि माझा अंदाज. "अजून नीट लिहिलं नाही, चाचा," असं म्हणून वेळ मारून नेली. एसटीत बसल्यावर पहिलं काम केलं ते तो परिच्छेद खोडण्याचं.

मग त्या साधनाचं करायचं काय?

टाकून द्यायचं? अजिबात नाही. पण ते साधन कसलं आहे ते आधी ओळखायचं. १८३० च्या दशकात ठगांविरुद्धची मोहीम जोरात होती. स्लीमन तिचा प्रमुख होता. १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. खटले उभे राहिले ते मुख्यतः माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवर, आणि त्या साक्षीदाराचा जीव त्याच्या जबानीवर टांगलेला. राधिका सिंघा यांनी १९९८ च्या पुस्तकात या कायद्याच्या अंगाने, तर किम वॅग्नर यांनी २००७ च्या पुस्तकात ठगीच्या सामाजिक बाजूने तपशीलवार मांडणी केली आहे. वॅग्नर यांचं म्हणणं साधारण असं की ठगी ही निव्वळ इंग्रजांची कल्पना नव्हती, पण इंग्रजांनी रंगवली तशी गूढ धार्मिक संघटनाही नव्हती. दोन्ही वाचा, मग टेलरकडे या. आणि हेही विसरू नका, की प्रस्तावना कादंबरीला वाचक मिळावा म्हणूनही लिहिलेली असते.

दुसरं, साधनाला जे सांगायचं नव्हतं ते त्याच्याकडून काढून घ्या. मी इतके दिवस मुडद्यांकडे बघत होतो. बाजारातून फिरताना लक्षात आलं की बघायला हवं ते कापडाकडे. मुंबईचं कापड एवढ्या लांब हिंगोलीत येत होतं, कारण इथे पगारी गिऱ्हाईक होतं. वाटेवर जकातीची नाकी होती, म्हणून परवान्याला किंमत होती. आणि परवान्यावर अधिकाऱ्याची सही असली की माल कुणाचा, हे कुणी विचारत नव्हतं. खुनाच्या गोष्टीत अख्खं छावणीचं अर्थकारण लपलेलं आहे, आणि त्या भागात खोटं सांगण्याचं टेलरला काही कारणही नव्हतं.

रिसाल्याचंही तसंच. कंटिन्जंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं. बारगिराला घोडा सरकार किंवा दुसरा कुणी देतो, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. म्हणजे चंदी, वैरण, नालबंदी सगळं स्वारालाच आपल्या पगारातून बघावं लागणार. मग धान्यवाले, गवतवाले, नालबंद, खोगीरवाले त्याच्या अवतीभवती वसणार. 'रिसाला' हे नुसतं घोडेस्वारांचं नाव वाटतं, पण त्यामागे असा सगळा पसारा असतो. माझं प्रकरण आता याच पसाऱ्यावर आहे : फौजेला कोण खाऊ घालत होतं, आणि १९०३ ला फौज उठली तेव्हा त्या माणसांचं काय झालं?

जाता जाता

क्षेत्रभेटीला जाल तेव्हा एक दिवस असाच रिकामा ठेवा. निवांत खा, कारण जेवताना लोक बोलतात. पायी फिरा, कारण नकाशावर दिसणारं अंतर आणि पायांना लागणारं अंतर यांत फरक असतो. वस्तीचं नाव हा दुवा आहे, पुरावा नाही. कागदाशी ताडून बघेपर्यंत त्याला दुवाच राहू द्या. औरंगाबादेत नान-खलियाची सांगड फौजेशी घालतात. गोष्ट चविष्ट आहे, पण गोष्टच आहे.

आणि लिहून झालं की प्रत्येक वाक्य त्या बाकावरच्या चाचांसमोर मोठ्याने वाचता येईल का, ते तपासा. वाक्य कडू असलं तरी चालेल, खरं असेल तर वाचता येतं. माझं वाचता आलं नसतं.

पुढच्या खेपेला त्यांच्याकडे जाणार आहे. या वेळी वही घेऊन.